महाविद्यालयाचा खर्च आणि आर्थिक मदत : सातारा-सांगलीच्या पालकांनी कोणत्या क्रमाने काय करावे

बारावीचा निकाल लागला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक घरांत "एखादी शिष्यवृत्ती मिळेल का?" हा प्रश्न निघतो. प्रश्न रास्त आहे, पण तो सहसा वर्षभर उशिरा विचारला जातो. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, वैद्यक, कृषी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना मदत मिळणार की नाही याचा बराचसा निकाल शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यापूर्वीच लागलेला असतो. विद्यार्थ्याने कोणत्या प्रकारच्या संस्थेत, कोणत्या मार्गाने आणि कोणते दाखले हातात घेऊन प्रवेश घेतला, यावर तो अवलंबून असतो. त्यामुळे योजनांची नावे पाठ करण्याआधी कामांचा क्रम नीट लावणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील मजकूर त्याच क्रमाने मांडला आहे.

खर्चाची फोड

महाविद्यालय एकच मोठा आकडा सांगते, पण त्या आकड्यात शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत आणि किरकोळ आकारणी अशा वेगवेगळ्या रकमा असतात. राज्य शासनाच्या शुल्क सवलतींत सर्वसाधारणपणे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचाच विचार होतो. विकास शुल्क बहुधा विद्यार्थ्यालाच भरावे लागते, आणि राहणे, जेवणे, पुस्तके, प्रवास हा खर्च तर वेगळाच असतो. महाराष्ट्रातील विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क २०१५ च्या अधिनियमानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर झालेले शुल्क पाहण्यासाठी उपलब्ध असते, तेव्हा संस्थेने तोंडी सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. मंजूर शुल्काबाहेर देणगी मागणे हा १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे "पावती मिळणार नाही" असे कोणी म्हणाले, तर तेथेच थांबलेले बरे.

फोड का करावी, हे एका काल्पनिक हिशेबावरून लक्षात येईल. समजा, एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क १,२०,००० रुपये आहे आणि त्यांपैकी १,०५,००० रुपये शिक्षण शुल्क व १५,००० रुपये विकास शुल्क आहे. ओबीसी प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील भाऊ आणि बहीण दोघांनीही केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून येथे प्रवेश घेतला, तर भावाला निम्मे शिक्षण शुल्क म्हणजे ५२,५०० आणि विकास शुल्क मिळून ६७,५०० रुपये वर्षाला भरावे लागतील. बहिणीला केवळ १५,००० रुपये भरावे लागतील. शुल्क वाढले नाही असे धरले, तरी चार वर्षांत भावाचे २,७०,००० आणि बहिणीचे ६०,००० रुपये होतात. याच घरातल्या मुलाने संस्थास्तरावरील किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली, तर हा सगळा हिशेब कोलमडतो आणि पूर्ण शुल्क खिशातून जाते.

दाखले : उन्हाळ्यातले काम

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि अर्ज महा ई-सेवा केंद्रातून किंवा आपले सरकार संकेतस्थळावरून करता येतो. या दाखल्यात ३१ मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न यावे लागते. एप्रिल लागताच अर्ज केला तर काम शांतपणे होते, कारण जूनमध्ये साऱ्या तालुक्याची गर्दी त्याच खिडकीवर लोटते. शेतकरी कुटुंबाला सात-बारा, आठ-अ आणि गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्याचा अहवाल लागतो, तर नोकरदाराला फॉर्म १६ लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न कमी दिसावे आणि बँकेच्या कर्जासाठी ते जास्त दिसावे, असा मोह अनेक घरांत होतो. मग तहसीलच्या दाखल्यावर एक आकडा आणि आयकर विवरणपत्रावर दुसरा आकडा अशी विसंगती निर्माण होते. व्याज अनुदानासाठी बँक पुढे हाच उत्पन्नाचा दाखला मागते आणि दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. उसाचे बिल कारखान्याकडून बँक खात्यातच जमा होते, त्यामुळे उत्पन्न दडवणे पूर्वीइतके सोपेही राहिलेले नाही. सर्व कागदांवर एकच खरा आकडा असावा, हे नीतीच्या दृष्टीने जितके योग्य तितकेच व्यवहाराच्याही दृष्टीने.

मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. पुराव्यासाठी घराण्यातील जुनी नोंद शोधावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा कागद सर्वांत बळकट मानला जातो. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जुना फेरफार यांपैकी काहीतरी बहुतेक घराण्यांत सापडते, मात्र त्यासाठी गावच्या शाळेत आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात वेळ काढून जावे लागते. रक्ताच्या नात्यातील, म्हणजे वडिलांकडच्या कोणाची वैधता आधीच झाली असेल, तर तिची प्रत अर्जाला अवश्य जोडावी.

नॉन क्रिमीलेयर, म्हणजे मागास प्रवर्गातील कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे सांगणारे, प्रमाणपत्र प्रवेश वर्षाच्या अखेरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. मुदत संपलेला जुना कागद तपासणीत याच कारणाने नाकारला जातो. खुल्या प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वीच काढावे, कारण केंद्राच्या संस्थांसाठीचा नमुना आणि राज्याचा नमुना वेगळा असतो. मराठा समाजातील विद्यार्थ्यांना २०२४ च्या कायद्यानुसार एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रवर्ग उपलब्ध आहे आणि ज्यांच्या कुणबी नोंदी सापडल्या त्यांना ओबीसीचा मार्ग मोकळा आहे. कोणत्या प्रवर्गातून जायचे हे कुटुंबाने एकदाच ठरवावे आणि सर्व अर्जांत तेच लिहावे. याशिवाय राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढून ठेवावे.

प्रवेशाचा मार्ग

केंद्रीय प्रवेश प्रक्रिया म्हणजेच कॅप. व्यावसायिक अभ्यासक्रमांत राज्य शासनाची शुल्क सवलत हवी असेल, तर जागा कॅपमधूनच मिळालेली असावी लागते. खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांत घेतलेल्या प्रवेशाला उत्पन्नाधारित राज्य सवलती लागू होत नाहीत. आपल्या भागात शासकीय, अनुदानित, खासगी विनाअनुदानित आणि अभिमत अशा चारही प्रकारच्या संस्था एकमेकींपासून तासाभराच्या अंतरावर आहेत. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. माहितीपत्रकातील इमारती सगळ्यांच्याच देखण्या असतात, परंतु संस्था कोणत्या प्रकारात मोडते, ही एकच ओळ पालकांनी आधी वाचावी. अभिमत विद्यापीठात शिकू नये, असा याचा अर्थ नाही. तेथे राज्याच्या सवलतीचा आधार धरून हिशेब मांडू नये, इतकेच.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॅपमधील पसंतीक्रमाचा अर्ज, भरताना टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागांकडे फार थोडे पालक लक्ष देतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थांत मंजूर प्रवेशक्षमतेच्या पाच टक्के जागा या योजनेखाली वाढीव असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कोणत्याही प्रवर्गातील विद्यार्थ्याला त्या गुणवत्तेनुसार मिळतात आणि त्याला शिक्षण शुल्क भरावे लागत नाही. या जागांचे पर्याय क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे ते यादीत स्वतंत्रपणे भरावे लागतात. त्यांचा गुणांचा कटऑफ सहसा चढा असतो आणि ही जागा एकदा घेतली की नंतर शाखा किंवा संस्था बदलता येत नाही. खुल्या प्रवर्गातील मुलाला निम्म्या सवलतीऐवजी पूर्ण शिक्षण शुल्क माफ होण्याचा हा जवळजवळ एकमेव रस्ता आहे. म्हणून हे पर्याय यादीच्या तळाशी न ठेवता साध्या पर्यायाच्या लगेच वर भरावेत.

राज्याच्या शुल्क सवलती

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये असून शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिप, म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, लागू होते. या शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के वाटा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असते. ती रक्कम घरखर्चात गेली, तर वर्षाअखेरीस महाविद्यालय निकाल किंवा दाखला अडवते आणि कुटुंब अकारण अडचणीत येते. पैसे आले की त्याच आठवड्यात महाविद्यालयात भरून पावती घ्यावी.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के प्रतिपूर्ती मिळते. माण, खटाव, जत, आटपाडी भागांतील धनगर कुटुंबांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण भटक्या जमाती (क) हा प्रवर्ग याच सवलतीत येतो. ओबीसी मुलांना पन्नास टक्के सवलत आहे. खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असून लोक तिला अजूनही 'ईबीसी' म्हणतात. आठ लाखांच्या उत्पन्नमर्यादेत तीही पन्नास टक्के शुल्क देते आणि एका कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळते. या योजनेच्या पात्र विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी आपल्या वाट्याचे निम्मेच शिक्षण शुल्क भरायचे असते. "आधी सगळे भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" असे कोणी म्हणाल्यास शासन निर्णयाची प्रत दाखवून विनंती करावी, आणि तरीही ऐकले नाही तर विभागीय तंत्रशिक्षण कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.

मुलींच्या बाबतीत २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना कॅपमधून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पन्नासऐवजी शंभर टक्के सवलत मिळते. "मुलीला बी.ए. करू, मुलाला इंजिनिअरिंगला घालू, दोघांचे झेपणार नाही" असा विचार करणाऱ्या घरांनी वरचा काल्पनिक हिशेब पुन्हा एकदा वाचावा. शुल्कापुरते बोलायचे तर आज मुलीचे अभियांत्रिकी शिक्षण मुलाच्या शिक्षणापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि निवडीचा प्रश्न

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या योजना असतात. बारावीला आपल्या शाखेत मंडळाच्या ८० व्या पर्सेंटाईलच्या वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्याला पीएम-यूएसपी केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी २०,००० रुपये मिळतात. पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत, तर किती टक्के विद्यार्थी आपल्या मागे आहेत याचे माप, तेव्हा सत्तरीत गुण असलेल्या मुलानेही मंडळाने जाहीर केलेला कटऑफ पाहावा. मात्र ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला राज्याची शुल्क प्रतिपूर्ती घेता येत नाही, त्यामुळे निवड करावी लागते. अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्याचे शुल्क मुळातच थोडे असते आणि त्याला बारा हजार रुपये अधिक लाभाचे ठरतात. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात जाणाऱ्याने मात्र बारा हजारांसाठी पन्नास हजारांच्या सवलतीवर पाणी सोडू नये.

बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी इन्स्पायर-शी ही योजना असून तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये आहे. त्यांपैकी ६०,००० रुपये रोख आणि २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. अभियांत्रिकी आणि वैद्यक यांना ती लागू नाही. साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये किंवा सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या हुशार मुलाला ती मिळू शकते. गुण चांगले असूनही मूलभूत विज्ञान निवडणाऱ्या मुलांना नातेवाईक जे बोल लावतात, त्यांना हा आकडा उत्तर म्हणून सांगता येईल.

तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती मुलींना पदवी किंवा पदविका अभ्यासक्रमासाठी वर्षाला ५०,००० रुपये देते. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत ती मिळते. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सक्षम आणि अनाथ विद्यार्थ्यांसाठी स्वनाथ याच रकमेच्या योजना आहेत. जागा मर्यादित असल्याने गुणवत्ता यादी लागते.

ज्या मदतीबद्दल फारसे कोणी सांगत नाही

सातारा हा सैनिकांचा जिल्हा आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाच्या नावातच ती ओळख आहे. तरीही माजी सैनिकांच्या मुलांसाठी असलेल्या पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेचे अर्ज पुष्कळ घरांतून वेळेत जात नाहीत. बारावी किंवा पदविकेला साठ टक्के गुण असलेल्या आणि व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या माजी सैनिकाच्या मुलाला दरमहा २,५०० आणि मुलीला दरमहा ३,००० रुपये मिळतात. पहिल्या वर्षी अर्ज राहिला, तर दुसऱ्या वर्षी करता येत नाही. अर्ज केंद्रीय सैनिक मंडळाच्या संकेतस्थळावर करायचा असून कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून तपासले जातात. वडील अजून सेवेत असतील, तर मात्र ही योजना लागू होत नाही.

गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम करणाऱ्या पालकांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी जिवंत असेल, तर दोन अपत्यांपर्यंत शैक्षणिक साहाय्य मिळते. साध्या पदवीला वर्षाला २०,०००, अभियांत्रिकी पदवीला ६०,००० आणि वैद्यकीय पदवीला १,००,००० रुपये अशी त्याची रक्कम आहे. वर्षातील नव्वद दिवस काम केल्याचा दाखला आणि नोंदणीचे नूतनीकरण ही त्यातली कळीची अट आहे. नोंदणी प्रवेशानंतर काढण्यापेक्षा मूल अकरावीत असतानाच काढलेली बरी.

राहण्या-जेवणाचा खर्च

गावाकडून सातारा, सांगली किंवा पुण्याला जाणाऱ्या मुलाचा खोली आणि मेसचा खर्च पुष्कळदा शुल्कापेक्षा जास्त होतो. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहात राहणे व जेवण मोफत असते. जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून शहराच्या वर्गवारीनुसार रक्कम मिळते, आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६०,००० रुपये आहे. तिचा अर्ज करताना वसतिगृहासाठी अर्ज केल्याचा आणि जागा न मिळाल्याचा पुरावा उपयोगी पडतो, म्हणून वसतिगृहाचा अर्ज आधी करावा. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या कुटुंबाने अल्पभूधारक असल्याचा तहसीलचा दाखला यासाठी काढून ठेवावा. पुण्याला जाणाऱ्यांनी १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडेही वेळेत अर्ज करावा.

'कमवा आणि शिका' ही कल्पना आपल्याच मातीतली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण ही पद्धत रुजवली. रयतच्या महाविद्यालयांत तसेच शिवाजी विद्यापीठात ही योजना आजही चालते आणि ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा येथे तासांच्या हिशेबाने काम मिळते. त्यातून संपूर्ण खर्च भागत नाही, परंतु मेसचा मोठा भाग निघू शकतो. ज्यांना रोज ये-जा करणे शक्य आहे त्यांनी एसटीचा विद्यार्थी मासिक पास काढावा. त्यात ६६.६७ टक्के सवलत असते आणि कोरेगाव-सातारा किंवा तासगाव-सांगली एवढ्या अंतरासाठी खोली घेण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

महाडीबीटीवरचा अर्ज

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. येथे अडचण पात्रतेपेक्षा तपशिलात येते. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते यांवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. खाते आधारशी नुसते जोडलेले असून भागत नाही, ते एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत थेट लाभासाठी सीड झालेले, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्याचे खाते म्हणून नोंदलेले, असावे लागते. विद्यार्थ्याने दोन खाती काढली असतील, तर पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यात जातात. आईच्या मोबाइलवर एसएमएस येत नाही म्हणून पैसे आलेच नाहीत असे समजणाऱ्या घरांनी ते दुसरे खाते तपासून पाहावे.

अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे आणि तेथून विभागाकडे जातो. त्रुटी असल्यास तो परत विद्यार्थ्याच्या लॉगिनला येतो आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त न केल्यास बाद होतो. त्यामुळे युजरनेम आणि पासवर्ड नेट कॅफेच्या वहीत न ठेवता विद्यार्थ्याकडे असावा आणि त्याने दर आठवड्याला अर्जाची स्थिती पाहावी. नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. त्यासाठी हजेरी, मागील वर्षाचा निकाल आणि योजनेनुसार नवा उत्पन्नाचा दाखला लागतो. शिष्यवृत्ती मंजूर करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला काहीही देऊ नये. ओटीपी विचारून फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

शैक्षणिक कर्ज : उरलेल्या रकमेपुरते

वरील सर्व वजा जाता जी रक्कम उरते तेवढेच कर्ज काढावे. आपल्याकडे पतसंस्थेचे कर्ज किंवा सोनेतारण चटकन मिळते, म्हणून पुष्कळजण तिकडे वळतात. परंतु केंद्राचे व्याज अनुदान बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतील कर्जालाच मिळते, पतसंस्थेच्या किंवा सोन्यावरच्या कर्जाला मिळत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक असेल आणि संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए या गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थांचे मानांकन असेल, तर शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढ्या मुदतीचे, दहा लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज केंद्र सरकार भरते.

या अनुदानाची किंमत आकड्यांत पाहू. दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार वर्षांत चार लाखांचे कर्ज उचलले आणि सरळव्याजाचा दर दहा टक्के धरला, तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, तिसऱ्यावर ३०,००० आणि चौथ्यावर २०,००० मिळून हप्ते सुरू होईपर्यंत १,४०,००० रुपये व्याज साचते. सात वर्षांत फेड करायची म्हटल्यास, अनुदान मिळालेल्याला मासिक हप्ता सुमारे ६,६४० रुपये आणि न मिळालेल्याला सुमारे ८,९६० रुपये येतो. अनुदान मिळणार नसेल तर शिक्षण चालू असतानाच नुसते व्याज भरत राहावे. त्यामुळे मूळ कर्ज फुगत नाही.

चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारण आणि त्रयस्थ जामीनदार न घेता कर्ज देता येते. त्यापुढे मात्र बँक घर किंवा जमीन तारण मागते. देशातील शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात पाच टक्के वाटा विद्यार्थ्याचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत राष्ट्रीय क्रमवारीवर आधारित यादीतील संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज मिळते. साडेचार ते आठ लाख उत्पन्नाच्या कुटुंबांतील, इतर शिष्यवृत्ती वा व्याज सवलत नसलेल्या विद्यार्थ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात तीन टक्के व्याज सवलत आहे, परंतु ती वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे पोर्टलवर आधी पाहावे. ओबीसी कुटुंबांसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची स्वतंत्र व्याज परतावा योजनाही आहे. तीत देशांतर्गत शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर कमाल बारा टक्के दराने भरलेले व्याज परत मिळते, मात्र त्यासाठी हप्ते वेळेवर गेलेले असावे लागतात.

नोकरी लागल्यावर भरलेल्या व्याजाची आयकराच्या कलम ८०-ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत गेलेल्यांनी तिचा हिशेब धरू नये.

बँकेत जाताना प्रवेशपत्र, महाविद्यालयाने दिलेला वर्षनिहाय शुल्काचा तक्ता, उत्पन्नाचा दाखला आणि मिळणाऱ्या शुल्क सवलतीचा उल्लेख असलेला कागद सोबत न्यावा. कर्जाचा अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केल्यास त्याची नोंद राहते, तोंडी चौकशीची राहत नाही. शाखेने नकार दिला तर कारण लेखी मागावे. "आमच्या शाखेत शैक्षणिक कर्ज होत नाही" किंवा "आधी मुदतठेव ठेवा" ही कारणे योजनेत कोठेही नाहीत. लेखी कारण हातात आले की ते घेऊन बँकेच्या विभागीय कार्यालयाकडे आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते. तोवर पहिल्या सत्राचे शुल्क हप्त्यांनी भरण्याची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घेऊन ठेवावी.